पडद्याची डावी बाजू

३ फेब्रुवारी

ताई,

तुझा फोन हा फक्त फोन आहे याचा तुला अभिमान आहे, आणि तोही तू उचलत नाहीस, म्हणून कागदावर लिहितोय. अक्षराला हसू नकोस. दिवसभर टाइप करणाऱ्याचं अक्षर असंच होतं.

दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी मीच सांगतो. बाबांच्या कॉम्प्युटरवरची तुझी सिस्टिम, त्यांनी टाइप केलेलं वाचून दाखवणारं ते एकच पान, मी काढून टाकली आणि आमच्या कंपनीची पूर्ण सिस्टिम घातली. निघताना दारात तू म्हणाली होतीस, "त्याला हात लावू नकोस, शेपट्या." मी गप्प राहिलो होतो. गप्प राहणं म्हणजे कबूल करणं नव्हे, असं मी तेव्हाच मनाशी म्हटलं होतं. आता ते वकिली वाटतं, पण तसं म्हटलं होतं खरं.

कारण ऐकून घे. गेल्या महिन्यात मी ऑफिसात असताना बाबा खुर्चीवरून घसरले. उठता येईना. त्यांनी वायरीला धरून कीबोर्ड खाली ओढला, मांडीवर घेतला आणि डाव्या हाताने लिहिलं, "पडलो." तुझ्या पानाने ते इमानेइतबारे मोठ्याने वाचून दाखवलं. रिकाम्या घराला. शेजारच्या काकूंना भिंतीपलीकडून "पडलो, पडलो" ऐकू येत होतं. त्यांना वाटलं मालिका चालू आहे. मी संध्याकाळी घरी आलो तेव्हा अर्धा पडदा त्या एका शब्दाने भरला होता आणि सगळ्यात खाली लिहिलं होतं, "कुठे मेलास गाढवा."

तेव्हा मला तुझा अतिशय राग आला. तू म्हणतेस, यंत्राला एकच काम यावं आणि ते नीट यावं, बाकी सगळी गर्दी. ताई, गर्दीत निदान कुणीतरी हाक ऐकतं. तुझ्या त्या पानाला घड्याळसुद्धा नव्हतं. आणि पान तरी कसलं, पडद्याच्या डाव्या बाजूला चिकटवलेलं, उजवी अर्धी बाजू नुसती काळी. जागा का वाया घालवलीस असं विचारलं तर म्हणालीस, "बाबांजवळ बसून बघ, कळेल." मी त्यांच्याजवळ रोज बसतो. बसत नाहीस ती तू.

हे वाक्य खोडणार होतो. राहू दे.

आता कसं झालंय सांगतो. बाबांनी नुसता आवाज काढला तरी मला फोन लागतो. औषधाची आठवण होते. दिवे लागतात. आणि मुख्य म्हणजे तयार उत्तरं. समोरचा माणूस काय बोलला ते सिस्टिम ऐकते, पडद्यावर ओळीने तीन उत्तरं येतात, त्यातल्या एकाला बोट लावलं की ते उत्तर ती बोलते. एकेका वाक्यासाठी बाबा किती वेळ घ्यायचे, आठव. अर्धांगाच्या झटक्यानंतर जीभ वळेना, उजवा हात उचलेना, तरी डोकं जागेवर आहे असं डॉक्टर पहिल्यापासून सांगताहेत. अशा माणसाने एकेका अक्षरासाठी का झगडावं? या सोयीचं मदतपान, म्हणजे ती कशी वापरायची ते सांगणारं, मीच लिहिलं आहे. "वापरणाऱ्याचा वेळ आणि श्रम वाचतात," हे वाक्य माझं आहे आणि मला ते खरं वाटतं.

तुझेही श्रम वाचावेत म्हणून सोबत कार्ड पाठवतोय. तीनपैकी एका चौकटीत खूण कर आणि टपालपेटीत टाक. राग गेला. राग आहे पण फोन उचलीन. राग आहे आणि राहील.

तुझा,
शेपूट

२० फेब्रुवारी

ताई,

कार्ड आलं नाही. तिसऱ्या चौकटीवर खूण करायलासुद्धा तुला वेळ नसावा.

घरी सगळं छान चाललंय. परवा काकू बाबांना बघायला आल्या. म्हणाल्या, "काय, कसं वाटतंय?" तर बाबांनी बोट लावलं आणि यंत्र बोललं, "छान. तुम्ही कशा आहात?" काकू माझ्याकडे बघतच राहिल्या. म्हणाल्या, "अरे, इतकी वर्षं शेजारी राहतेय, यांनी मला पहिल्यांदा उलट विचारलं." मग स्वयंपाकघरात येऊन हळूच म्हणाल्या, "मला जरा भीतीच वाटली रे." आम्ही दोघंही हसलो.

तूच सांग, टायपिंग क्लासमध्ये मुलांच्या बोटांवर पट्टी मारणारे आपले बाबा. "डोळे वर, कीबोर्ड बघायचा नाही, बोटांना पाठ पाहिजे." तुझ्या पानावर ते मला रोज काही ना काही ऐकवायचे. चहा कोमट, सदरा उलटा, बातम्या वाचणाऱ्या बाईचे उच्चार अशुद्ध. आता घरात कुरकुर नाही. कीबोर्ड टेबलावर अडचण करायचा, तो मी कपाटात ठेवला. पडद्यावर बोट लावायला डावा हात पुरतो.

एक दोन बारीकसारीक गोष्टी आहेत. ताटातलं अर्धं तसंच टाकतात. खोलीतून बाहेर येताना दाराला खांदा आपटतात. चष्म्याचा नंबर बदलला असेल. मान अलीकडे थरथरते, विशेषतः कुणी बोलत असताना. डॉक्टरांना विचारायचं आहे.

आता महत्त्वाचं. शहराच्या कडेला एक निवास आहे, बाबांच्या वयाच्या लोकांसाठी. मी दोनदा जाऊन आलो. खोलीला मोठी खिडकी आहे, खाली बाग, नर्स कायम हजर. जागा सहसा मिळत नाही, एक रिकामी झाली आहे. मी बाबांना सरळ विचारलं, "बाबा, तिथे राहायला आवडेल?" ते म्हणाले, "हो, ते चांगलं होईल." मला खरं तर वाद होईल असं वाटलं होतं. व्यवस्थापक बाई घरी येऊन गेल्या, त्यांनीही माझ्यासमोर विचारलं, "काका, मनापासून यायचंय ना? मुलगा म्हणतो म्हणून नाही ना?" बाबा म्हणाले, "हो, नक्की." बाई म्हणाल्या, इतकं स्पष्ट बोलणारे फार कमी येतात.

मार्च संपताना जायचं ठरलं आहे. आमच्या ऑफिसात थोडे बदल होताहेत, पण त्याचा याच्याशी काही संबंध नाही.

तू काहीतरी म्हणावंस असं वाटतं. विरोध असेल तर तसं म्हण.

शेपूट

२ मार्च

ताई,

कार्ड मिळालं. तिन्ही चौकटी रिकाम्या, आणि त्यांच्यावरून आडवं तुझ्या त्या टपोऱ्या अक्षरात एकच वाक्य. "बाबांनी तुला शेवटची शिवी कधी दिली?"

मी निवासाबद्दल विचारतोय, तू शिव्यांची चौकशी करतेस. माणूस म्हातारा होतो, मऊ होतो. आजारपणात माणसं बदलतात. तुला ते लांबून दिसणार नाही. तू सिस्टिमी बनवतेस, म्हणून तुला वाटतं की घरात जे काही होतं ते सिस्टिममुळे होतं.

सकाळी एवढं लिहून ऑफिसला गेलो होतो. आता परत आलोय. पत्र टाकलेलं नाही.

दिवसभर आठवत होतो. मला आठवत नाही, ताई. जुनी सिस्टिम काढली त्या दिवशी सकाळी त्यांनी लिहिलं होतं, "लुडबुड्या." ती शेवटची असावी. त्यानंतर त्यांनी मला एकही वाईट शब्द वापरलेला नाही. याचा मला आनंद झाला होता, हे मी तुला गेल्या पत्रात लिहिलंच आहे.

शेपूट

५ मार्च

ताई,

हे पत्र नीट जुळवून लिहिता येणार नाही.

काल सुटी होती. दुपारी बाबांसमोर खुर्ची ओढून बसलो आणि विचारलं, "बाबा, माझ्यावर रागावलात का?" यंत्र म्हणालं, "नाही, अजिबात नाही." मग काय मनात आलं कुणास ठाऊक, मी म्हटलं, "बाबा, हा कॉम्प्युटर खिडकीतून फेकून देऊ?" त्यांनी बोट लावलं. "हो, चांगली कल्पना आहे."

मी हसलो. ते हसले नाहीत. तेव्हा मी पहिल्यांदा त्यांच्या शेजारी जाऊन, त्यांच्या बाजूने पडदा बघितला. डावीकडे होतं, "हो, चांगली कल्पना आहे." मधे, "नंतर ठरवू." उजवीकडे, "नाही, नको." त्यांचं बोट अजून डाव्या चौकटीपाशीच होतं, जणू बाकीचा पडदा नव्हताच.

जेवताना त्यांनी नेहमीसारखं अर्धं ताट टाकलं. मी ताट उचललं आणि तिथेच फिरवून परत ठेवलं. बाबांनी नवं ताट आल्यासारखं त्याकडे बघितलं आणि उरलेलं सगळं खाल्लं. त्यांना भूक होती. इतके दिवस त्यांना भूक होती, ताई.

डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, "नजरेची उजवी बाजू गेली आहे त्यांची, दोन्ही डोळ्यांची. हे मी तुमच्या ताईंना सांगितलं होतं. त्या बोलल्या नाहीत?" मी म्हटलं, "बोलल्या असतील." तुझी बाजू घेण्यासाठी म्हणालो की माझी झाकण्यासाठी, ते मला ठरवता येत नाही.

म्हणजे तो काळा अर्धा पडदा. तो काय होता ते आता कळलं.

खात्री करावी म्हणून मी उत्तरांचा क्रम उलटा केला. "बाबा, चहा हवा?" यंत्र म्हणालं, "नाही, नको." आणि ते बोलत असताना बाबांचा हात कपाकडे निघाला होता.

मग तुला वाटेल की बाबांनी निदान मान तरी हलवली असेल. हलवत होते. मी ज्याला थरथर म्हणत होतो ती. काकूंना विचारलं, व्यवस्थापक बाई आल्या होत्या तेव्हा तुम्हीही होतात ना, बाबा काय करत होते? त्या म्हणाल्या, "मान हलवत होते की सारखी. मला वाटलं मानेचा व्यायाम सांगितला असेल कुणीतरी." उत्तर यंत्रातून यायचं म्हणून आम्ही सगळे यंत्राकडे बघत होतो. बाबा त्याच्या शेजारी बसून नाही म्हणत होते.

स्वतः लिहायचं असेल तर अक्षरं कशी आणायची, त्याचंही मदतपान आहे. "खालच्या उजव्या कोपऱ्यातील खुणेला स्पर्श करा." हेही माझंच वाक्य. त्यात एकही चूक नाही. ते तीनदा तपासलं गेलं आहे.

मी कपाटातून कीबोर्ड काढून जोडला. बाबांनी तो मांडीवर घेतला आणि डावा हात बरोबर जागेवर ठेवला, न बघता. त्यांनी "ना" लिहिलं. सिस्टिमने पुढचं आपणहून पूर्ण करून मोठ्याने वाचलं, "नाश्ता छान होता." त्यांनी पुन्हा "ना" लिहिलं. पुन्हा नाश्ता छान होता. ते बंद कुठून करायचं हे मला माहीत होतं, मी घाईघाईने एकेक पडदा उघडत आत गेलो, एक बंद केलं तर दुसऱ्याने विचारलं, आपण ही सोय का बंद करत आहात, कारण निवडा. मी कारण निवडत असताना बाबांनी कीबोर्ड बाजूला सारला आणि भिंतीकडे तोंड केलं.

तेव्हापासून ते पडद्याला हात लावत नाहीत. मी बोललो तरी मान हलवत नाहीत, हो नाही आणि नाही पण नाही.

आता जे लिहायचं टाळत होतो ते. ऑफिसातल्या बदलांचा संबंध आहे. मला मुख्य कचेरीत मोठी जागा देऊ केली आहे, दुसऱ्या शहरात. एप्रिलपासून. मला ती हवी आहे. खूप हवी आहे. बाबा "हो, ते चांगलं होईल" म्हणाले तेव्हा ते वाक्य मला ओळखीचं वाटलं होतं. त्या वाक्यांची पहिली यादी ऑफिसातल्या आमच्याच खोलीत बसून झाली होती. तरी मी दुसऱ्यांदा विचारलं नाही. मला नजरेचं माहीत नव्हतं हे खरं. पण हवं ते उत्तर मिळाल्यावर माणूस पडदा तपासत नाही, हेही खरं. यातलं कुठलं किती, हे डायरीत दोनदा मांडून बघितलं, दोन्ही वेळा वेगळं उत्तर आलं.

आज त्यांना नुसतं मान हलवून उत्तर द्या म्हणालो तर ते देतीलही कदाचित. पण मान खरोखरही थोडी थरथरते. आणि मला जे हवंय ते मी त्यात बघीन. माझी मला खात्री नाही.

तुझं पान पाठव. मी त्याची प्रत ठेवली नव्हती. निवासाला हो म्हटलंय, पण महिनाअखेरीपर्यंत पक्कं करायचं आहे. त्याआधी बाबांना त्यांच्या शब्दांत बोलता आलं पाहिजे, नाहीतर मी त्यांना त्यांनी न दिलेल्या उत्तरावर उचलून नेईन.

शेपूट

१७ मार्च

ताई,

पाकीट मिळालं. आतली चिठ्ठी खूप वेळा वाचली. "सांगायला हवं होतं. तुझ्या लक्षात येईल असं वाटलं, आणि नाही आलं तर तुला हिणवता येईल असंही वाटलं." असं लिहायची तुला गरज नव्हती. लिहिलंस ते बरं केलंस.

पूर्ण सिस्टिम काढली आणि तुझं पान घातलं. डावीकडे पांढरं, उजवीकडे काळं. मी आता बाबांच्या शेजारी बसून बघतो तेव्हा ते काळं मला वाया गेलेलं वाटत नाही. तू एक गोष्ट वाढवली आहेस तीही चालवून पाहिली. कुठलीही कळ दाबून धरली की मला फोन लागतो. म्हणजे तुझ्या पानातही एक सोय शिरली. मी जिंकलो असं म्हणत नाही. पण बाबा पडले त्या दिवशी तुझं पान कमी पडलं होतं, हे मी अजूनही म्हणणार. आणि माझी सिस्टिम त्यांच्या तोंडून बोलत होती, हे तू म्हण.

कीबोर्ड त्यांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी हात लावला नाही. मी समोरची खुर्ची उचलून त्यांच्या डाव्या हाताला ठेवली. तिथे बसलो की मी त्यांना दिसतो. काकू चहा घेऊन आल्या होत्या, त्या जायला निघाल्या तर मीच थांबा म्हणालो. साक्षीदार हवा होता.

म्हटलं, "बाबा, तुम्हाला त्या निवासात जायचंय?"

त्यांनी बोटं ठेवली. डोळे वर, समोरच्या भिंतीवर. मुलांना शिकवायचे तसे. एकेक अक्षर उमटत गेलं आणि तुझ्या पानाने ते त्या सपाट आवाजात वाचलं.

"विचारतोस की सांगतोस गाढवा."

काकूंनी पदर तोंडाला लावला. हसू होतं की काय, मी बघितलं नाही. मी म्हटलं, "विचारतोय." आणि मग सगळं सांगितलं. दुसऱ्या शहरातली जागा, ती मला हवी आहे, निवासाला हो कळवून झालंय पण ते अजून मोडता येतं. उजवीकडचं मला माहीत नव्हतं हेही सांगितलं. ते ऐकताना त्यांनी माझ्याकडे मान वळवून नीट बघितलं.

मग लिहिलं, "मग नाही."

मी ठीक आहे म्हणालो. मी उठणार तेवढ्यात बोटं पुन्हा हलायला लागली. "तू जा."

म्हटलं, "तुम्ही निवासात जाणार नाही, आणि मीही जायचं? मग इथे कोण?"

"ते मला विचारलं नाहीस."

काकू म्हणाल्या, "आले बाई, आमचे मास्तर परत आले." बाबांनी त्यांना ऐकवलं की चहात साखर नाही. ती खरंच नव्हती.

निवासाला नको म्हणून कळवलं. व्यवस्थापक बाई म्हणाल्या, "पण काका किती स्पष्ट हो म्हणाले होते." मी त्यांना काय झालं ते सांगायला लागलो आणि मधेच थांबलो. फोनवर ते समजावता येईना.

आता घरात दोन उत्तरं आहेत. नाही, आणि तू जा. दोन्ही त्यांची आहेत, पण ती एका घरात कशी बसवायची ते मला येत नाही. मुख्य कचेरीला मी वेळ मागितला आहे. देतील की नाही माहीत नाही. जाण्याची इच्छा कमी झालेली नाही, हेही लपवत नाही.

म्हणून तुला विचारतो. तुझं काम कुठूनही होतं असं तूच म्हणायचीस. काही महिने इथे येऊन राहशील? मला जाता यावं म्हणून विचारतोय, आणि बाबा तुझ्यावर ओरडायला आसुसलेले आहेत म्हणूनही. परवा त्यांनी आपणहून लिहिलं, "तिला अक्षरं अजून मोठी करायला सांग. येते कधी."

या वेळी कार्ड पाठवत नाही, चौकटीही आखल्या नाहीत. सोबत एक कोरा कागद घडी करून ठेवला आहे. नाही म्हणायचं असेल तर तेही त्यावर मावेल.

विचारतोय, सांगत नाही.

शेपूट